मदत हवी आहे : जुन्या कॉन्टॅक्टरच्या चांदीच्या पॉइंटांचा टंच (शुद्धतेची टक्केवारी) कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीत माझ्या वडिलांचे मोटार-स्टार्टर आणि कंट्रोल पॅनेल दुरुस्तीचे दुकान होते. गेल्या दिवाळीत ते बंद केले, तेव्हा माळ्यावर बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे निघाले. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटारीचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा स्विच; दुरुस्तीत बदललेले त्याचे पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे-तोडणारे चांदीमिश्रित तुकडे, भंगारात न टाकता वडिलांनी वर्षानुवर्षे त्यांत साठवले होते. पहिल्या डब्यात तांब्याच्या पट्टीवरून उतरवलेले सुटे पॉइंट आहेत आणि त्यांचे वजन 3 किलो 840 ग्रॅम भरले. दुसऱ्यात पट्टीसकट कापलेले तुकडे आहेत, तर तिसऱ्यात ब्रेझिंगच्या (तापवून धातू जोडण्याच्या) चांदीच्या रॉडची उरलेली टोके. "सगळे नव्वद टक्क्यांचे आहे," असे वडील ठामपणे सांगतात. पण त्यांच्या शब्दावर कोणी भाव देणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

दोन खरेदीदारांकडे नमुना दाखवला. दोघांनीही एक्सआरएफ यंत्रावर, म्हणजे क्ष-किरण टाकून, टंच काढला. पहिल्याने पॉइंटची जळालेली, काळी पडलेली बाजू यंत्रासमोर धरली आणि 71 टक्के सांगितले. दुसऱ्याने त्याच पॉइंटवर कानस मारून पांढरा धातू उघडा केला, तेव्हा आकडा 84 वर गेला. मी पॉइंट उलटा ठेवायला सांगितल्यावर यंत्राने जवळजवळ निव्वळ तांबेच दाखवले, कारण त्या बाजूला झाळ (जोडासाठी वापरलेला धातू) आणि पट्टीचा अंश चिकटलेला होता. हे किरण केसाच्या जाडीइतकेही खोल जात नाहीत, त्यामुळे यंत्र खोटे बोलत नसले तरी ते संपूर्ण पॉइंटविषयी बोलत नाही, एवढे माझ्या लक्षात आले.

त्यानंतर घरीच थोडी निवड केली. काही पॉइंट जोरकस चुंबकाला किंचित ओढले जातात. ते चांदी-निकेलचे असावेत, कारण निकेल चांदीत विरघळत नाही आणि आपला चुंबकीय गुण राखून असते. मोठ्या ब्रेकरचे काही करडे पॉइंट हातालाच जड लागले. त्यातला एक दोऱ्याला बांधून पाण्यात तोलला : हवेत 27.2 ग्रॅम, पाण्यात 25.2, म्हणजे घनता 13.6. शुद्ध चांदीची घनता 10.49 असल्याने हा चांदी-टंगस्टनचा पॉइंट असून त्यात चांदी निम्मीच आहे, असे मी धरतो. मात्र उरलेल्या ढिगाला हा उपाय चालत नाही. नव्वद टक्के चांदी आणि दहा टक्के कॅडमियम ऑक्साइड असलेल्या पॉइंटची घनता 10.2 च्या आसपास येते आणि तेवढ्या फरकावर घरच्या काट्याने निकाल देता येत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. पॉइंट आहेत तसे विकावेत, की गाळून (वितळवून) लगड, म्हणजे एकसंध वीट, करून मग टंच काढावा? गाळताना घट किती धरतात आणि ती कोणाच्या माथी असते? रॉडची टोके याच मालात मिसळावीत का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आमचे घर खानापूर तालुक्यातले असून दोन पिढ्या गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यात आहेत, म्हणून थोडे लिहितो. माल गाळल्याशिवाय विकू नका, परंतु टंगस्टनचे पॉइंट मुशीत (धातू वितळवण्याच्या भांड्यात) मुळीच जाऊ देऊ नका. टंगस्टन 3,400 अंशांपर्यंत वितळत नाही आणि तळाशी चांदी धरून बसते.

कॅडमियमचे तेवढे गंभीरपणे घ्या. ते 767 अंशांवर उकळते, तर चांदी वितळायला 962 अंश लागतात. म्हणजे चांदी पातळ होण्याआधीच विषारी धूर सुटतो. त्यामुळे घरी बर्नर लावण्याचा विचारही करू नका आणि धूर ओढून नेणारी सोय असलेल्या ठिकाणीच माल द्या. पट्टीवरचे पॉइंटही तापवून उतरवू नका, कारण जुन्या झाळेतही कॅडमियम असू शकते; छिन्नीने कापा.

आता घटीचे. मळी (वर तरंगणारा कचरा) आणि धूर निघून गेल्यावर लगड हलकी होते, पण तिचा टंच वर जातो. समजा, तुमच्या 3,840 ग्रॅममध्ये 90 टक्क्यांनी 3,456 ग्रॅम चांदी आहे आणि लगड 3,520 ग्रॅमची उतरली, तर तिचा टंच 98.2 च्या जवळ यायला हवा. काही जण वजन लगडीचे घेतात आणि टंच मात्र गाळण्यापूर्वीचा, म्हणजे 90 चा लावतात. तेव्हा हिशेबात 3,168 ग्रॅमच येतात आणि 288 ग्रॅम चांदी कागदावरच नाहीशी होते. वजन आणि टंच एकाच वेळचे असले पाहिजेत, एवढ्यावर अडून बसा.

लगडीत तांबे असेल तर कड आणि गाभा यांचा टंच सारखा नसतो. म्हणून मूस ढवळून पातळ धातूचाच नमुना काढायला लावा, त्याचे तीन भाग करून एक स्वतःकडे ठेवा, एक खरेदीदाराला द्या आणि तिसरा मोहोरबंद करा. तुमचा भाग प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लात विरघळवून टायट्रेशनने (चांदीचे प्रमाण मोजणाऱ्या रासायनिक चाचणीने) तपासून घ्या. रॉडची टोके वेगळी ठेवा; तांबे-फॉस्फरसच्या रॉडमध्ये चांदी 2, 5 किंवा 15 टक्केच असते, तर चांगल्या रॉडमध्ये 45 टक्के किंवा त्याहूनही जास्त.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. दुसऱ्या खरेदीदाराने दिलेली चिठ्ठी पुन्हा पाहिली. त्यात "गाळून येईल ते वजन, टंच 84" असेच लिहिलेले आहे. आता छिन्नी घेऊन दुसऱ्या डब्याला बसतो.