वीकेंडला वॉम्बॅट बघायला जाणाऱ्या जमीनमालकांनो, गवत कापा

गिस्बर्नकर:
परवा इथे 'दहाएकरी' यांनी पोस्ट टाकली होती त्यावर मी चार ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या, आणि शेवटी वेगळा धागाच काढतोय कारण डोक्यातून जात नाहीये. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी, इकडे ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या किंगलेकच्या बाजूला दहा एकर घेतले, महिन्यातून दोन वीकेंड वॉम्बॅट (बिळात राहणारा इथला गुबगुबीत प्राणी) बघायला जातात, आणि आता कौन्सिलची नोटीस आलीय की अमुक तारखेच्या आत गवत दहा सेंटीमीटरच्या खाली आणा नाहीतर आम्ही माणूस पाठवून कापू आणि बिल तुम्हाला, दंड वेगळा. त्यावर साहेबांचं म्हणणं, "जमीन माझी, कर्ज माझं, मला ती रानासारखी ठेवायचीय, कौन्सिल कोण लागून गेलं?" आणि खाली लोकांचे टाळ्यांवर टाळ्या.

अहो, किंगलेकला जमीन घेतलीत ना? 7 फेब्रुवारी 2009 ला तिथे काय झालं हे इस्टेट एजंटनं सांगितलं नसेल, पण घेणाऱ्यानं विचारायचं नाही? राज्यभरच्या वणव्यांत 173 माणसं गेली त्या शनिवारी, ब्लॅक सॅटर्डे म्हणतात त्याला. आमचं मॅसिडॉन त्याआधी 1983 ला जळालं होतं, इथल्या म्हाताऱ्यांना अजून उत्तरेचा गरम वारा सुटला की झोप येत नाही.

मी सहा वर्षं सीएफएच्या, म्हणजे इथल्या स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या, ब्रिगेडमध्ये आहे, पगार शून्य, नोकरी शहरात. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, पेजर वाजला, पोचलो तर कमरेएवढं फॅलॅरिस गवत, गेटला साखळी आणि कुलूप, मालकाचा फोन व्हॉइसमेलवर. कटरनं साखळी तोडून टँकर आत घालेपर्यंत आग शेजारच्या पॅडॉकमध्ये (कुंपणाच्या कुरणात) गेलेली. ते पॅडॉक एका सत्तरीच्या बाईंचं, त्यांनी स्वतःचं गवत नोव्हेंबरातच कापलेलं होतं तरी कुंपणाला लागून मेंढ्या गोळा झाल्या होत्या. जळक्या लोकरीचा वास मी इथे लिहून सांगू शकत नाही. घरी येऊन तीनदा आंघोळ केली. मालक पाच दिवसांनी आला आणि पहिलं वाक्य काय, तर "माझी साखळी कोण भरून देणार?"

दहाएकरी:
वा. म्हणजे माझ्यावर स्वतंत्र धागा. सत्कार समजतो.

मेंढ्यांचं ऐकून वाईट वाटलं, पण तो माणूस मी नाही. आता माझी बाजू. सप्टेंबरात जमीन इतकी ओली की ट्रॅक्टर रुततो. ऑक्टोबरात कापलं तर नोव्हेंबरात परत गुडघ्याला. डिसेंबरात कापायला जावं तर तोवर फायर डेंजर पिरियड (आगीच्या धोक्याचा मोसम) लागलेला, स्लॅशरचं (ट्रॅक्टरमागच्या गवतकापणी यंत्राचं) पातं दगडावर आपटून ठिणगी उडाली तर गुन्हेगार परत मीच. स्लॅशरवाला माणूस नऊशे डॉलर म्हणाला आणि येतो म्हणून पाच आठवडे झाले.

आणि रस्त्याच्या पलीकडे सरकारी जंगल आहे, तिथे झाडांच्या सालींचा थर माझ्या पोटरीपर्यंत येतो. त्यांना नोटीस कोण देणार? किंगलेकचं मला शिकवू नका, ती आग कुणा वीकेंडवाल्याच्या गवतानं लागली नव्हती. किलमोर ईस्टला विजेची तार तुटली, त्या एका आगीत 119 माणसं मेली आणि 2014 ला जवळजवळ पन्नास कोटी डॉलरची भरपाई ठरली.

गिस्बर्नकर:
तार तुटली हे खरंच. पण तार हवेत पेटत नाही ना, खाली वाळकं रान होतं म्हणून पेटलं.
स्लॅशरवाल्याचं रडगाणं दरवर्षीचं आहे. ऑगस्टमध्ये फोन करायचा असतो, नोटीस आल्यावर नाही. लग्न ठरल्यावर हॉल शोधणाऱ्यातले तुम्ही.

बेंडिगोची_वहिनी:
मी दहाएकरींच्या बाजूनं नाही पण एक बोलतेच. 2025 च्या जुलैपासून तो नवीन इमर्जन्सी फंडाचा कर बसवला, शेतकऱ्यांनी केवढी बोंब मारली, सीएफएच्याच लोकांनी निषेध म्हणून ट्रक उभे करून ठेवले. दुष्काळात चारा विकत घेणाऱ्या माणसाकडून आग विझवायचे पैसे जास्त मागायला निघाले, आणि आग विझवायला तोच माणूस फुकटात जाणार! आमचे हे सासऱ्यांपासून ब्रिगेडमध्ये. स्वयंसेवकाला सूट आहे म्हणे, त्यासाठी आधी पैसे भरा, मग अर्ज करा. गवताचं काय घेऊन बसलात.

गिस्बर्नकर:
वहिनी, कराबद्दल मी तुमच्याच बाजूला आहे, पण त्याचा धागा वेगळा काढूया का?

बेंडिगोची_वहिनी:
काढा की. तिथेही कुणी वाचणार नाही.

निळ्या_डोंगरातला:
न्यू साउथ वेल्समधून. आमच्याकडे रूरल फायर्स अ‍ॅक्टमध्ये सरळ लिहिलंय की आग लागू नये आणि पसरू नये म्हणून जमेल ते करणं ही मालकाची जबाबदारी, आणि सरकारी खात्यांनाही तीच लागू. शेजाऱ्याची तक्रार ऑनलाइन करता येते, मी एकदा रेल्वेलगतच्या पट्ट्याची केली होती, आले आणि कापून गेले. दहाएकरींनी रडण्यापेक्षा त्या जंगलाबद्दल लेखी तक्रार केलीय का?
आमच्या 10/50 नियमाची मात्र गंमत, घराच्या दहा मीटरमधली झाडं आणि पन्नास मीटरमधली झुडपं परवानगीशिवाय काढू देणारा तो. 2014 ला आला, तर सिडनीत लोकांनी आगीच्या नावाखाली हार्बरचा व्ह्यू मोकळा करून घेतला अशी ओरड झाली, काही महिन्यांतच अंतरं आवळावी लागली. माणसाच्या हातात करवत दिली की असं होतं.

दहाएकरी:
आणि करवत नाही दिली की कसं होतं तेही सांगा. आमच्या व्हिक्टोरियातल्या रीडी क्रीकचा तो शेतकरी आठवतो का, घराभोवतीची अडीचशेच्या आसपास झाडं तोडली म्हणून कोर्टात खेचलं, दंड पन्नास हजार डॉलर, वकील धरून लाखाच्या घरात गेला. ब्लॅक सॅटर्डेला त्या भागातलं त्याचं घर तेवढं उभं राहिलं. म्हणजे झाड तोडलं तरी दंड, गवत ठेवलं तरी दंड. तुमचे कायदे आधी एकमेकांशी बोलू द्या.

गिस्बर्नकर:
तो दंड मलाही पटलेला नाही, लिहून ठेवा, परत कबूल करणार नाही. पण ते 2009 च्या आधीचं. त्यानंतरच 10/30 आला. घर 10 सप्टेंबर 2009 च्या आधीचं असेल तर दहा मीटरमधलं झाडसुद्धा परवानगीशिवाय काढता येतं आणि तीस मीटरपर्यंत झाडं सोडून बाकी झुडपं. तुमच्या भागावर वणव्याच्या धोक्याचा ओव्हरले (नकाशातला शिक्का) असेल तर तीसऐवजी पन्नास. हे नोटिशीबरोबरच्या पत्रकात असतं, वाचलं असतंत तर हा धागा निघालाच नसता.
घर उतारावर आहे ना तुमचं? चढाला दर दहा अंशांना आगीचा वेग दुप्पट होतो. ठिणग्या तर आगीच्या कितीतरी आधी येतात, छपराच्या पन्हळीत पडलेली युकॅलिप्टसची पानं पेटतात आणि घर वरून जातं. पन्हळ शेवटची कधी साफ केलीत?

कातळावरची:
मी ऑस्ट्रेलियात राहात नाही, राजापूर तालुक्यात राहते, एवढा वेळ नुसती वाचत होते. गिस्बर्नकर, भाषण उत्तम झालं. आता एक विचारू का? मे महिन्यात तुम्हीच धागा काढला होतात की गावी वडिलांची अडीच एकर आहे, सातबारा सामायिक, अकरा नावं, "कोण जाणार आणि कोण बघणार". ती जमीन कोण बेणतं?

कारण माझ्या बागेच्या खाली अशीच एक अडीच एकर आहे. तुमची नसेल, दुसऱ्या कुणा चाकरमान्याची असेल, सगळ्या सारख्याच. दहा वर्षांत तिला कोयता लागला नाही. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दुपारी रस्त्याकडून धूर दिसला, कुणी विडी टाकली का मुद्दाम लावली देव जाणे. वारा खालून वर. आम्ही चौघं होतो, मी, सासरे आणि दोन गडी, ओल्या डहाळ्या मोडून झोडपत होतो. तुमच्यासारखा टँकर नाही आमच्याकडे. गडग्यापाशी थांबेल वाटलं, पण गडग्याच्या फटीतलं गवत पेटलं आणि आग आत आली. काजूची बेचाळीस कलमं, मोहोर धरलेली, सहाव्या वर्षाची. झाड लगेच पडत नाही हो. हिरवं दिसतं आठवडाभर, मग पानं तांब्याच्या रंगाची होतात आणि साल बोटानं सुटते. तलाठी पंचनामा करून गेले, पुढे काही नाही. मालकाला मुंबईला फोन केला तर म्हणाला, "वणवा काय, दरवर्षीच लागतो ना गावी."

गिस्बर्नकर:
ताई, वाईट वाटलं. पण ही तुलना बरोबर नाही. माझ्या एकट्याच्या नावावर असती तर बघितलं असतं, अकरा जणांच्या सह्या कुठून आणू?

कातळावरची:
विकायला सह्या लागतात. गवत कापायला लागत नाहीत.

दहाएकरी:
मी खुर्ची ओढून बसलोय. चालू द्या.

तळकोकणी:
ताईंचं बरोबर, पण सगळं चाकरमान्यांच्या माथी मारू नका. गावातलेच लोक नवीन गवत चांगलं फुटतं म्हणून मुद्दाम काडी लावतात, शिकारीसाठी लावतात, नाव घ्यायला कुणी तयार नसतं कारण सगळे भावकीतले. आणि वनखात्याचा 1927 चा कायदा राखीव जंगलाचा, आपल्याकडे रान बहुतेक मालकीचं. पोलिसांत जा म्हणतात, कुणाच्या नावानं जाऊ?

निळ्या_डोंगरातला:
पण आग वाईटच असं कुठाय? इथले मूळ रहिवासी हजारो वर्षं थंडीत हलकी आग फिरवत आलेत. आपल्याकडे भाजावळ हाच प्रकार. उगाच बाऊ.

कातळावरची:
भाजावळ आणि वणवा एक? माझी सासू दाढ भाजायची तेव्हा पहाटे, वारा बघून, कडेची माती ओढून, हंडा भरून शेजारी, आणि शेवटची धग विझेपर्यंत घरी यायची नाही. तीन गुंठ्यांचा राब असतो तो. पुस्तकं वाचून आमची शेती शिकवू नका.

निळ्या_डोंगरातला:
मी तेच म्हणत होतो, राखण असेल तर आग वाईट नाही.

कातळावरची:
नव्हतात म्हणत. वर जाऊन वाचा.

बेंडिगोची_वहिनी:
ह्यांनी निळ्या डोंगरात काही कापलं तरी असेल का मला शंकाच आहे.

निळ्या_डोंगरातला:
माझं लॉन आहे. वैयक्तिक येऊ नका.

दहाएकरी:
अपडेट. स्लॅशरवाला गुरुवारी आला, कापून गेला, नऊशेचे अकराशे झाले. ओढ्याकडचा एक पट्टा वॉम्बॅटसाठी ठेवायचाय, घरापासून ऐंशी मीटरवर आहे, कौन्सिलच्या बाईंनी फोनवर हो म्हटलं, फार नीट बोलल्या. पन्हळीत दोन बादल्या पानं निघाली. गिस्बर्नकरांचं ऐकून नाही, बायको म्हणाली म्हणून. जंगलाच्या सालींची तक्रार लेखी केलीय, तीन आठवडे झाले, उत्तर नाही. त्यावर धागा कोण काढणार?

गिस्बर्नकर:
तुम्ही काढा, मी अंगठा देतो.
काल रात्री चुलतभावाला फोन केला. आधी अर्धा तास वाटणीचंच बोलला, मग म्हणाला दहा वर्षांत पहिल्यांदा कुणी गवताचं विचारलं. पैसे मी पाठवतो, माणूस तो बघणार, असं ठरलंय. ताई, साधारण किती लागतील? आणि कधी करायचं?

कातळावरची:
दिवाळी झाली की लगेच, जानेवारीची वाट बघू नका. ग्रासकटरवाला दिवसाचे हजार-बाराशे घेतो, पेट्रोल आणि जेवण वेगळं, अडीच एकराला गडग्याच्या कडेचा वीस फुटी पट्टा धरून चार-पाच दिवस. कापलेलं तिथेच पाडून ठेवू नका म्हणावं, वाळलं की तेच आधी पेटतं, ओढून काढायला लावा. भावावर सोडू नका, फोटो मागा. माझ्याकडे येतो त्या गड्याचा नंबर खासगी निरोपात पाठवते.