बार्शी-धाराशिवला झालेलं संशोधन आपल्याच उपकेंद्रापर्यंत का येत नाही?

कुंभारीची_लेक:
माझी मावशी मागच्या दिवाळीत गेली, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, वय 52. जन्मभर विड्या वळल्या तिने, सूप मांडीवर आणि हात चालूच. शेवटच्या वर्षी बसायच्या आधी ती जुनं लुगडं चौपदरी करून खाली टाकायची, आम्हाला वाटायचं फरशी गार लागत असेल. अंगावरून जातंय हे तिने एका दवाखान्यात तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा गोळ्या दिल्या, आतून तपासलं कुणीच नाही.

ती गेल्यावर मी वाचायला लागले आणि झोपच उडाली. आपल्या बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियल आणि डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेबरोबर धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाचं उस्मानाबाद) 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास केला होता. चार गट केले. एका गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केली, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची. 8 वर्षांत त्या 34 हजारांतल्या 34 बायका ह्या कॅन्सरने गेल्या आणि ज्यांची तपासणीच नव्हती त्या 31 हजारांतल्या 64. हे 2009 ला छापून आलं, 2021 ला डब्ल्यूएचओने सगळ्या जगाला सांगितलं की आधी एचपीव्ही टेस्टच करा. जग आपल्या बायकांवरून शिकलं आणि तासाभराच्या रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या मावशीला त्या टेस्टचं नावसुद्धा माहीत नव्हतं. बाकी देशाचं कधी व्हायचं तेव्हा होऊ दे, सोलापूर आणि धाराशिवला तरी ही टेस्ट सरकारने आत्ता सुरू करावी असं माझं म्हणणं आहे.

पीएचसी_एमओ:
ताई, मावशींचं वाचून वाईट वाटलं. तपासलं नाही ही सरळ चूक आहे, त्याला संशोधन लागत नाही, टेबल, टॉर्च आणि एक पडदा लागतो. पण तुमच्या मागणीला माझा विरोध आहे. 2016 च्या सरकारी सूचनांप्रमाणे 30 ते 65 च्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए करायची असते, म्हणजे पिशवीच्या तोंडाला अॅसिटिक अॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं, उत्तर तिथल्या तिथे. एचपीव्हीचा नमुना लॅबला जाणार आणि रिपोर्ट येईपर्यंत बाई ऊसतोडीला गेलेली असणार. आणि स्वस्त तपासणीनेही जीव वाचतात ओ, टाटानेच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आरोग्यसेविकांना शिकवून व्हीआयए केली तर मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. आपण तेवढंही करत नाही, एनएफएचएस-5 हे सरकारचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा, 30 ते 49 च्या बायकांत कधीतरी तपासणी झालेल्या देशभरात दोन टक्केसुद्धा नाहीत. आहे ते आधी नीट करू की.

कुंभारीची_लेक:
डॉक्टर, मुंबईत दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या होत्या. धाराशिवलाही व्हीआयएचा गट होताच, तिथं एकदा तपासून मृत्यूत म्हणावा असा फरक पडला नाही. बाई एकदा यायची मारामार, तिला चार वेळा कसं आणणार तुम्ही? जी जन्मात एकदाच तुमच्या टेबलावर येणार आहे तिची एकच टेस्ट करायची असेल तर कुठली कराल?

सोलापूरकर_77:
ह्या विषाणूवर लस आलीय की आता, पुण्याच्या सीरमची. पोरींना ती द्या, विषय संपला.

कुंभारीची_लेक:
दादा, लस पोरींसाठी. त्यांच्या आयांचं काय?

पीएचसी_एमओ:
एका फेरीचा मुद्दा मान्य, एकच करायची तर एचपीव्हीच. पण शंभरात दहाएक बायका पॉझिटिव्ह निघतात, त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो. अभ्यासात त्यांची पुढची तपासणी आणि उपचार ठरलेले होते, माझ्याकडे त्या दहाजणींना पाठवायला सिव्हिल सोडून दुसरं काही नाही.

आशा_मंद्रूप:
मी आशा आहे, 11 वर्षं झाली. डॉक्टर साहेब म्हणतात त्याच्या पुढची भीती सांगते. कॅन्सरचा विषाणू निघाला असा कागद हातात पडला की बाई घाबरून थेट पिशवी काढायला जाती. 2019 ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं किती गाजलं, आपल्याकडंबी हायच की ते. एकजण मला म्हणली, ताई पोरं झाली आता, ठेवून काय करू, उद्या सडली तर. तिला मी काय सांगणार, मलाच कुणी नीट शिकवलं नाही. आधी आम्हाला शिकवा मग टेस्ट आणा.

पण एक आहे, त्या टेस्टचा नमुना बाई स्वतःच घेऊ शकती म्हणतात, ते खरं आसल तर मी ताईच्या बाजूनं. गेल्या शिबिराला 40 नावं लिहिली, सहा आल्या, त्यातल्या दोघी पुरुष डॉक्टर बघून दारातनं परत गेल्या. न्हाणीघरात जाऊन ब्रश फिरवून आणा म्हणलं तर निम्म्या तरी देतील.

बार्शी_रोड:
खरं आहे, डब्ल्यूएचओने त्यालाही मान्यता दिलीय. माझी आजी धाराशिवकडची, त्या अभ्यासात होती, कुठल्या गटात ते माहीत नाही. डॉक्टर, 31 हजार बायकांना न तपासता ठेवलं तेव्हा हे कळलं, त्यातल्या 64 गेल्या. त्यांच्या लेकीसुनांना आता "आधी व्यवस्था होऊ दे" सांगायचं हे मला पटत नाही. व्यवस्था टेस्ट आल्यावरच उभी राहते.

पीएचसी_एमओ:
मला उलटा अनुभव आहे. मशीन येतं, कव्हर घालून ठेवतात. पॉझिटिव्ह बाईला महिन्याच्या आत कुठे, कुणी, कधी बघायचं हे नावानिशी लेखी द्या, मग पहिला नमुना माझ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून पाठवतो.

कुंभारीची_लेक:
तसाच अर्ज लिहिते डॉक्टर, मसुदा तुम्ही बघून द्या. आणि आशाताई, वळलेल्या विड्या द्यायला बायका कारखान्यात येतात, तासतास रांगेत असतात, मावशी पण असायची. नमुने तिथंच घेता येतील का? तुम्ही एकदा येऊन बघा, मी न्यायला येते.