मित्राने वाद घालणंच बंद केलंय, काय करू?

मखमलाबादचा द्राक्षवाला:
माझी 3 एकर थॉम्सन द्राक्षं, बांधाला बांध लागून मित्राची 2 एकर. 15 वर्षं आम्ही एकमेकांच्या बागेत नाक खुपसत आलोय. छाटणी कधी घ्यायची, काडी कितव्या डोळ्यावर (कोंबावर) मारायची, सगळ्यावर जुंपायची. बायको ओरडायची, चहा गार होतोय, उरलेलं उद्या भांडा.

गेल्या वर्षी मला आगाप (हंगामाआधीचा) माल काढायचा होता, जानेवारीत भाव सापडतो म्हणून. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटतो म्हणालो. तो म्हणाला, "परतीचा पाऊस फुलोऱ्यात गाठेल. मर मग." हाच शब्द, मर. पारावर चार माणसं बसलेली, छाटणीच्या टोळीचा मुकादमही. मला झोंबलं. मी म्हणालो, "आधी तुझी 2 एकर सांभाळ."

पाऊस आला. घडकुज झाली, डावणी (पानं-घडांवरचा बुरशीचा रोग) वेगळीच. तो स्वतःचा ब्लोअर घेऊन आला, रात्री 11 पर्यंत फवारत राहिला, अवाक्षर बोलला नाही. तेव्हापासून काहीही विचारा, "तुला योग्य वाटेल ते कर." इतका गोड वागतोय की झोप लागत नाही. आता पुन्हा छाटणी तोंडावर आलीये.

सिडकोवाला:
माफी मागितली का? तुमच्या एवढ्या लांब पोस्टमध्ये तो शब्द कुठे दिसला नाही.

निवृत्त मास्तर:
टिळक-आगरकर आठवले. 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी 101 दिवस एकत्र काढले. तिथेही वाद चालायचेच, मैत्री शाबूत. पुढे आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकारण, यावर फाटलं. 1888 मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला आणि भांडण छापून येऊ लागलं. चारचौघांत माणूस मित्राला उत्तर देत नाही, बघ्यांना देतो. तुमचंही पारावर तेच झालं. (द्राक्षातलं मला फक्त खाता येतं.)

ओझरची सून:
दादा, सल्ला मागू नका. एकदा पोळलेला माणूस सल्ला मागितला की सावध होतो. काडी तपासणीचा (कोणत्या डोळ्यात घड आहे याचा) रिपोर्ट घ्या आणि त्यांच्या पडवीत जाऊन बसा. माझे सासरे आणि त्यांचे मित्र वर्षभर बोलत नव्हते, रिपोर्टवरून पुन्हा सुरू झाले. आता आवरत नाहीत, तो वेगळा ताप.

मखमलाबादचा द्राक्षवाला:
सिडकोवाले, बरोबर आहे तुमचं. नव्हती मागितली. काल मागितली, त्याच पारावर, मुकादम बसलेला असताना. तो म्हणाला, "जाऊ दे रे." म्हणजे पुन्हा तेच गोड.

मग पडवीत रिपोर्ट काढला. सहाव्या-सातव्या डोळ्यावर घड दाखवलाय. त्याने चष्मा लावला, कागद लांब धरला. बराच वेळ काही नाही. मग: "काड्या कुठल्या नेल्यास?"

म्हटलं, बांधाकडच्या.

"बांधाकडच्या? तिथे दिवसभर ऊन लागतं, मधल्या ओळींत सावली आहे. एका कडेच्या काड्यांवर 3 एकर छाटणार? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

वहिनींनी आतून विचारलं, कोण आलंय, म्हणून.

आज सकाळी मधल्या ओळींतल्या काड्या तपासायला दिल्या. छाटणीची तारीख अजून ठरलेली नाही. तो 5 ऑक्टोबर म्हणतोय, मी 28 सप्टेंबर.