विंडोज ११ टाकल्यावर ग्रब गेला, डेबियन परत कसं आणू? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा मदत हवी आहे.

लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्स) आणि विंडोज १० सुखाने नांदत होत्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले. घरात टॅलीसाठी विंडोज लागतेच, म्हणून दुकानातून विंडोज ११ कोरी टाकून घेतली. शेवटच्या पार्टिशनला हात लावू नका असं बजावलं होतं, दुकानदाराने ते पाळलंही. पण आता मशीन चालू केलं की ग्रबचा (कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा) मेन्यू येतच नाही, थेट विंडोज उघडते.

काय काय पाहिलं ते आधीच सांगतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये १८० जीबीचं पार्टिशन दिसतं, पण त्याला ड्राइव्हचं अक्षर नाही. एफ१२ च्या (कशावरून सुरू करायचं ते निवडायच्या) यादीत फक्त 'विंडोज बूट मॅनेजर'. डेबियनचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह लावून ते पार्टिशन उघडलं तर होम फोल्डर, फोटो, सगळं जागच्या जागी आहे. मशीन सुरू करणाऱ्या फाइल जिथे असतात त्या ईएफआय पार्टिशनमध्ये मात्र 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट' एवढेच फोल्डर, 'डेबियन' गायब. आकारही आधी ५१२ एमबी होता, आता १००.

डेबियन पुन्हा इन्स्टॉल न करता नुसता ग्रब बसवता येईल का? आणि त्यात विंडोज बिघडणार नाही ना? टॅलीचा डेटा तिकडे आहे, घरचे मला सोडणार नाहीत.

आळशी माणूस: बायॉसमध्ये जाऊन बूट ऑर्डर बदला की. माझं तेवढ्याने झालं होतं.

पेंग्विनकाका: तुमचं झालं कारण तुमच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ग्रबच्या फाइल शिल्लक होत्या, विंडोजने फक्त स्वतःचा नंबर पहिला लावला होता. बहुतेकांचं दुखणं तेवढंच असतं. इथे पार्टिशनच नवं झालंय, त्यामुळे ऑर्डरमध्ये वर घ्यायला काही उरलेलंच नाही.

धागाकर्ते, आधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा. विंडोज ११ मध्ये ते पुष्कळदा आपोआप चालू झालेलं असतं. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, बूटमध्ये बदल झाला की ती मागितली जाऊ शकते. फास्ट स्टार्टअपही (विंडोज पुरती बंद न होऊ देणारी सोय) बंद करा.

मग लाइव्ह पेनड्राइव्ह लावा, पण यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) मोडमध्येच. एफ१२ च्या यादीत एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, त्यातला यूईएफआय लिहिलेला घ्या. नाहीतर ग्रब-इन्स्टॉल कुरकुर करतो की ईएफआय व्हेरिएबल सापडत नाहीत, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

पुढचं सरळ आहे. डेबियनचं रूट (मुख्य) पार्टिशन माउंट करा म्हणजे जोडा, त्याच्या आतल्या बूट/ईएफआय फोल्डरवर ते १०० एमबीचं पार्टिशन माउंट करा. डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तिन्ही सिस्टिमचे फोल्डर माउंटच्या आर-बाइंड पर्यायाने जोडा, सीएच-रूट करून तुमच्या डेबियनच्या आत शिरा, ग्रब-इन्स्टॉल चालवा आणि शेवटी मेन्यू नव्याने बनवायला अपडेट-ग्रब. कुठलंही पार्टिशन फॉरमॅट करायचं नाही. ग्रब 'मायक्रोसॉफ्ट'च्या शेजारी स्वतःचा 'डेबियन' फोल्डर करतो, विंडोजच्या फाइलना हात लावत नाही.

सीएच-रूटमधून बाहेर पडण्याआधी एक काम राहतं, ते लोक हमखास विसरतात. इटीसीमधली एफएसटॅब फाइल (सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांची यादी) उघडा. बूट/ईएफआयच्या ओळीत जुन्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) असेल: चार अक्षरं, आडवी रेघ, चार अक्षरं. पार्टिशन नवं म्हणजे यूयूआयडीही नवा. बीएलके-आयडी ही कमांड चालवून नवा नंबर घ्या आणि तिथे टाका. नाही टाकला तर मेन्यू छान येईल, डेबियन निवडाल, मग ९० सेकंद जुन्या पार्टिशनची वाट बघून गाडी इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबेल. त्यावर "ग्रब दुरुस्त होऊनही चालत नाही" असे धागे निघतात. ग्रबचा त्यात काही दोष नसतो.

नवशिका: एवढी खटपट कशाला? सगळं फॉरमॅट करा, विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स टाका नि त्यात लिनक्स चालवा.

धागाकर्ता: @नवशिका, चार जीबी रॅमवर? नमस्कार.

काका, जमलं! एफएसटॅबमध्ये खरोखरच जुना नंबर होता. डेबियन उघडलं, पण मेन्यूत विंडोज दिसत नाही. अपडेट-ग्रब चालवताना ओएस-प्रोबरबद्दल काहीतरी इशारा आला होता.

पेंग्विनकाका: घाबरू नका, विंडोज आहे तिथेच आहे. २०२१ मध्ये आलेल्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब ओएस-प्रोबर वापरून दुसऱ्या सिस्टिम आपणहून शोधत नाही. सुरक्षेचं कारण देतात, पण दोन सिस्टिमवाल्यांना उगाच त्रास. इटीसी/डिफॉल्टमधली ग्रब नावाची फाइल उघडा. 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' या ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढा, पुढे 'फॉल्स' आहे ना ते बघा, आणि पुन्हा अपडेट-ग्रब.

धागाकर्ता: आली यादीत! मनापासून आभार. शेवटचं एक: आता विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतंय. हे ग्रबमुळे का?

पेंग्विनकाका: ग्रबचा संबंध नाही. मशीनच्या घड्याळात लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजते. डेबियनमध्ये टाइमडेट-सीटीएल वापरून 'सेट लोकल आरटीसी' १ करा, म्हणजे डेबियनही मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ लिहील. सिस्टिम-डी (डेबियनचा व्यवस्थापक प्रोग्राम) त्यावर लांबलचक इशारा देईल. त्यातली उन्हाळी वेळेची (घड्याळ पुढे-मागे करायची) भानगड आपल्याकडे नाही, तेव्हा खुशाल करा.