खुडूक कोंबडीला पावसाळ्यात अंड्यांवर बसवावे का?

प्रश्न (चिपळूणजवळून): आमच्या परसात सात गावठी कोंबड्या असून त्यांपैकी एक तीन दिवसांपासून खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहते आहे; ती खुराड्यातून हलत नाही आणि जवळ गेल्यास अंग फुलवून चोच मारते. गेल्या पावसाळ्यात नऊ पिलांपैकी दोनच जगली, याचे मला अजून वाईट वाटते. यंदा तिला बसवावे का?

उत्तर १: जरूर बसवावे, मात्र बाराहून अधिक अंडी ठेवू नयेत, कारण कडेची अंडी पंखांखाली मावत नाहीत आणि थंड पडतात. अंडी आठवड्याच्या आतली व न धुतलेली घ्यावीत. सातव्या रात्री विजेरीच्या उजेडात धरल्यावर ज्यांत लाल शिरा दिसत नाहीत, ती काढून टाकावीत. पिले साधारण २१व्या दिवशी बाहेर येतात.

उत्तर २: मला खरी काळजी वाटते ती ओलाव्याची. पिले भिजली की गारठतात, शिवाय खाली अंथरलेल्या ओल्या तुसात रक्ती हगवण झपाट्याने पसरते. म्हणून तूस रोज हलवून ओला भाग काढावा आणि पिलांना निदान महिनाभर अंगणात सोडू नये. मानमोडी या कोंबड्यांच्या साथीच्या रोगासाठी लासोटा लसीचा थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात घालून घ्यावा.

प्रश्नकर्ता: गेल्या वर्षी तूस आठवड्यातून एकदाच बदलले जात होते आणि लसही दिली नव्हती. आज संध्याकाळी अंधार पडल्यावर दहा अंडी ठेवतो.

उत्तर १: दाणा-पाणी खुराड्याजवळच ठेवा, खुडूक कोंबडी दिवसातून एखाद्या वेळीच उठते.