प्रकल्पाचा हप्ता सात महिने थकला आहे. उंदरांची कॉलनी चालू ठेवावी की बंद करावी?

प्रश्न – पेशीजाल (पुणे)

नमस्कार. मी पुण्यातील एका संशोधन संस्थेत पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. क्षयाच्या जंतूंशी लढताना मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक) पेशींमधील एक विशिष्ट प्रथिन नेमके काय काम करते, हा माझा विषय आहे. ज्यांच्या शरीरात ते प्रथिन तयारच होत नाही अशा नॉकआउट उंदरांची कॉलनी मी त्यासाठी तीन वर्षे सांभाळली आहे. आमच्या प्रकल्पाला तीन वर्षांचे सरकारी अनुदान मंजूर झाले होते. त्याचे दोन हप्ते वेळेवर आले, तिसरा मात्र सात महिने झाले तरी आलेला नाही. प्रकल्पावर काम करणाऱ्या असोसिएट मुलीने चार महिने पगाराविना काढले आणि शेवटी घरच्या अडचणीमुळे काम सोडले. माझी एसआरएफ (पीएचडीची शिष्यवृत्ती) कागदावर ४२,००० रुपये आहे, पण तीही चार-पाच महिन्यांची एकदम जमा होते. तोवर घरभाडे वडिलांकडून घ्यावे लागते आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ते मागताना फार जड जाते.

पैसे आज ना उद्या येतील, हे मला कळते. परंतु उंदीर फाइलीसारखे टेबलावर थांबत नाहीत. गेल्या आठवड्यात एका केजमध्ये नऊ पिल्ले जन्मली. ती तीन आठवड्यांची झाली की शेपटीचे टोक घेऊन जीनोटायपिंग, म्हणजे कोणात जनुक निकामी आहे याची डीएनए तपासणी, करायची असते. पण त्यासाठी लागणाऱ्या पीसीआर चाचणीचे एन्झाइम संपले आहे आणि पुरवठादार जुनी बिले भागल्याशिवाय नवी ऑर्डर घेत नाही. त्यामुळे नऊपैकी नॉकआउट कोणते हे कळणार नाही, आणि ते कळेपर्यंत एकही पिल्लू कमी करता येणार नाही. केजचे शुल्क मात्र रोज चढते आहे. अशा वेळी कॉलनी बंद करून टाकावी का? शिवाय एवढे सोसून इथेच राहावे की परदेशी पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधन नोकरीसाठी) अर्ज करावेत, हाही विचार मनात सतत येतो.

उत्तर १ – प्राणिगृह

ताई, कॉलनी बंद करू नका, लहान करा. तुमचे नॉकआउट उंदीर निरोगी राहून प्रजनन करत असतील, तर ज्यांच्यात जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी आहेत असे खात्रीचे नर आणि माद्या एकत्र ठेवा. अशा जोडीची सगळी पिल्ले नॉकआउटच असतात, त्यामुळे दर वेळी पीसीआर करावा लागत नाही. त्यात तुलनेसाठी लागणारी सामान्य सख्खी भावंडे (कंट्रोल) मिळत नाहीत, हा तोटा खरा आहे. म्हणून प्रयोगांसाठी नव्हे, तर केवळ वंश टिकवण्यासाठी असे दोन-तीन केज ठेवा आणि पैसे आले की मूळ सामान्य उंदरांच्या वंशाशी पुन्हा संकर करा. माद्या आठ महिन्यांच्या पुढे गेल्यावर पिल्ले कमी होत जातात, तेव्हा तरुण जोड्या निवडा.

दुसरे म्हणजे, दोन-तीन प्रौढ नरांचे शुक्राणू द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवा. कॉलनी दुर्दैवाने गेलीच, तर त्यांतून वंश परत उभा करता येतो. संस्थेत ही सोय सामायिक असेल, तर तिचा भार तुमच्या प्रकल्पावर पडू नये अशी विनंती लेखी करा. या बदलांची नोंद तुमच्या प्राणी नीतिसमितीकडे आधी करून घ्या.

उत्तर २ – निवृत्त लेखाधिकारी

मी एका संशोधन संस्थेच्या लेखा विभागात बरीच वर्षे काढली, म्हणून लिहितो. मंत्रालयात निधी नाही असे आपण गृहीत धरतो, पण पुष्कळदा अडचण आपल्याच इमारतीत असते. पुढचा हप्ता सुटण्यासाठी मागील आर्थिक वर्षाचे खर्चाचे विवरण आणि जीएफआर (सरकारी वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र जावे लागते. अनुदानावर मिळालेले व्याज भारतकोश या सरकारी भरणा संकेतस्थळावर भरल्याची पावती जोडलेली नसेल, तर तेवढ्यावरूनही प्रकरण परत येते. तुमच्या गाइडना सोबत घेऊन लेखा विभागात जा आणि ही तीन कागदपत्रे कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेली ते पाहा.

व्यवस्थेचा दोषही मोठा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पूर्वी हप्ता संस्थेच्या बँक खात्यात येऊन पडत असे आणि त्यातून दोन-तीन महिने निभावता येत. आता बहुतेक ठिकाणी फक्त खर्चाची मर्यादा मिळते आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा रद्द होते. फेब्रुवारीत निधी येतो, मार्चमध्ये खरेदीची धावपळ होते आणि एप्रिलपासून पुन्हा कोरड पडते. आयात होणाऱ्या अँटिबॉडीला दोन-दोन महिने लागतात, हे या वेळापत्रकाच्या हिशेबातच नाही. अनुदानाची रक्कम वाढवण्याइतकेच ती ठरल्या दिवशी पोचवणे महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्या असोसिएट मुलीचे मात्र विसरू नका. तिचा नियुक्ती आदेश आणि हजेरीपत्रके मंजूर कालावधीतली असतील, तर हप्ता आल्यावर थकबाकीची मागणी करता येते. ती कागदपत्रे आजच एकत्र करून ठेवा.

उत्तर ३ – बॉस्टनहून

परदेशाबद्दल विचारलेत म्हणून सांगते. मी येथे पोस्टडॉक आहे आणि येथील जैववैद्यकीय संशोधनाचा मोठा आधार म्हणजे एनआयएच ही सरकारी अनुदान देणारी संस्था. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांनी अप्रत्यक्ष खर्चाचा (इमारत, वीज, प्रशासन यांसाठी संस्थेला मिळणाऱ्या रकमेचा) दर सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. ती न्यायालयात अडली, तरी अनिश्चिततेमुळे अनेक विद्यापीठांनी नव्या नेमणुका थांबवल्या. त्याच हिवाळ्यात अर्ज तपासणाऱ्या समित्यांच्या बैठका पुढे ढकलल्या गेल्या आणि पुढे १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारी कामकाजच बंद राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्कही लावले गेले. येथे पगार महिन्याच्या महिन्याला होतो, हे सुख मी नाकारत नाही. मात्र पुढच्या वर्षी तो होईल की नाही, हे माझ्या वरिष्ठांनाही सांगता येत नाही. अर्ज अवश्य करा, पण पीएचडी पूर्ण करून, आणि युरोपातील प्रयोगशाळाही पाहा.

पेशीजाल (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल सरांबरोबर लेखा विभागात गेले. व्याजाची पावती जोडलीच गेली नव्हती. ती आज पाठवली आहे. अठरा केजेसचे पाच करायचे ठरवले असून जुन्या नोंदींवरून खात्रीच्या तीन जोड्या वेगळ्या काढल्या आहेत. शुक्राणू गोठवण्यासाठी समितीकडे अर्ज दिला. त्या नऊ पिल्लांसाठी शेजारच्या प्रयोगशाळेने एन्झाइमची अर्धी नळी दिली. असोसिएट मुलीला फोन केला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की जानेवारीचे हजेरीपत्रक सापडले का. ते सापडले आहे, त्यावर सरांची सही तेवढी राहिली आहे, ती उद्या घेते.