अंबाझरीपासून नाग नदीच्या काठानं पायी जाता येते का?

त्रिमूर्तीनगरवाला:
नमस्कार मंडळी. नागपुरात अंबाझरी तलावाच्या सांडव्यापासून नाग नदीच्या काठाकाठानं सीताबर्डीकडे जायला सलग पायवाट आहे का? सकाळी पाच-सहा किलोमीटर चालायचं आहे. सोबत वडील असतील. वय 64, चालायची सवय आहे, पण गुडघे कुरकुरतात. रस्त्यावरच्या धुरात चालून कंटाळा आला, झाडं-पाणी असलेली जागा पाहिजे. कोणत्या दिवसांत जावं, पायात काय घालावं आणि कुठं सांभाळावं, तेही सांगा.

पाळीवरचा:
सलग वाट नाही जी. नकाशावरची निळी रेघ पाहून निघू नका. नदी लाव्याच्या टेकड्यांकडून येते, अंबाझरीत अडते आणि तलाव भरला की विवेकानंद स्मारकाजवळच्या सांडव्यावरून खाली उतरते. तिथून पुढं ती वस्तीतून वाहते, बऱ्याच ठिकाणी दोन्हीकडे संरक्षक भिंत. कधी भिंतीला लागून रस्ता मिळतो, कधी घरांची मागची बाजू नदीवरच येते आणि तुम्हाला गल्लीतून वळसा घ्यावा लागतो. रामदासपेठेत कॅनॉल रोड नदीला धरून आहे, पण तो गाड्यांचाच रस्ता. त्यात पाणी सांडपाण्याचं. हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा वास खालीच बसून राहते, ऊन चढल्यावर जरा कमी होते.

वडिलांना घेऊन जायचं तर नदीच्या वरच्या अंगाला जा. अंबाझरी जैवविविधता उद्यान तलावाच्या पाठीमागे आहे, वनविभागाचं, तिकीट काढून आत जाता येते. गवताळ माळ, मध्ये मुरमाची वाट, एका बाजूला तलावाचं पाणी. पाच-सहा किलोमीटर आरामात होतात. दुसरी जागा गोरेवाडा, पिवळी नदी तिथल्या तलावातून निघते. पण तिथलं जंगल कुंपणातलं आहे आणि आत बिबटे आहेत, म्हणून एफडीसीएमच्या (वनविकास महामंडळाच्या) गेटवर विचारल्याशिवाय आडवाटेनं शिरायचं नाही. फुटाळा तलावाचा काठ संध्याकाळी गर्दीचा, सकाळी लवकर बरा.

मुरूमखडी:
वरच्याशी सहमत. एक जोडतो: इकडं अंतरापेक्षा जमिनीकडे पाहून दिवस ठरवा.

काळी माती ओली असली की जोड्याला थर चढतो, दहा पावलांत पाय दुप्पट जड. खोल खाचांचे ट्रेकिंगचे जोडे इथं उलट त्रास देतात, खाचांत माती बसते आणि तळवा गुळगुळीत होतो. उथळ नक्षीचा, बोटं झाकणारा साधा जोडा चांगला. जोराचा पाऊस झाला तर काळ्या मातीच्या वाटेला दोन दिवस तरी सुट्टी द्या. मुरूम पाणी पिऊन टाकतो, तिथं दुसऱ्या दिवशीही चालते. पण सुक्या उतारावर मुरमाची बारीक खडी पायाखाली घरंगळते, पाय घसरायचे ते तिथंच, चिखलात नाही. गुडघ्याच्या माणसाला चढ सोसतो, उतार सोसत नाही. उतारावर लहान पावलं, गुडघा किंचित वाकलेला, काठी उताराच्या बाजूला आधी टेकवायची.

ऑक्टोबरपासून गवत सुकलं की कुसळ सुरू. याचं टोक सुईसारखं, त्यामागं उलट्या दिशेचे बारीक केस आणि शेवटी लांब शेपूट. शेपटाला दमट हवा लागली की ते पीळ सोडते, सुकलं की पुन्हा पीळ घेते, म्हणून कुसळ मोज्यात आपोआप आत शिरत जाते. शेपूट धरून मागं ओढलं की केस अडतात आणि टोक तुटून आतच राहते. टोक ज्या दिशेनं गेलं त्याच दिशेनं पुढं ओढून काढायचं. लोकरी किंवा जाड सुती मोजे तर गोळाच करतात. पातळ नायलॉनचे मोजे आणि वर गुळगुळीत कापडाची पँट मोज्याबाहेर सोडलेली, एवढं केलं की निम्मा ताप गेला. चप्पल नको, गोखरू आरपार येतो.

पाळीवरचा:
पावसाळ्याचं राहिलं. 2023 च्या सप्टेंबरात 22 तारखेच्या रात्री काही तासांत शंभर मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडला, तलाव ओसंडला आणि 23 ला पहाटे अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत घरांत पाणी शिरलं. कारण साधं: तलाव आधीच भरलेला असला की वरून आलेलं सगळं पाणी सरळ खाली जाते, आणि खाली पात्र अरुंद. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात तलाव काठोकाठ असेल आणि रात्री धो-धो पडला असेल, तर सांडव्याखाली, पुलाखाली, नदीच्या भिंतीवर जायचंच नाही. आकाश उघडलं म्हणून पाणी उतरलं असं समजू नका, वरच्या अंगाच्या वाडी गावाकडचं पाणी मागाहून येते. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, काम चालू असलं की वाट बंद असते. तेव्हा बांबूची आडकाठी ओलांडून जाणारे महाभाग असतात, त्यांच्या मागं जाऊ नका.

बर्डीची ताई:
वेळेचं मी सांगते. जानेवारीत सूर्य पावणेसातनंतर निघतो, मे अखेरीस साडेपाचला. मे महिन्यात सातच्या आत परत फिरायचं, पारा 45 च्या वर जातो आणि आठलाच चटका बसतो. डोक्याला दुपट्टा बांधा, कान झाकले पाहिजेत. हिवाळ्यात माणशी तासाला अर्धा लिटर पाणी पुरते, उन्हाळ्यात लिटर धरा, सोबत ओआरएसची एक पुडी. घाम थांबला, बोलणं अडखळलं की चालणं बंद. सावलीत निजवून कपडे ओले करा, वारा घाला आणि 108 ला फोन. सगळ्यात चांगले दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फेब्रुवारीच्या शेवटाला पळस फुललेला असतो, एकदा तेवढ्यासाठी जा.

आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर लावलेला माणूस मागं ठेवा आणि खाली धूर कोणालाच करू देऊ नका. माशा उठल्या तर तोंड झाकून सरळ लांब पळायचं, पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात.

साप दिसला तर थांबा, वाट द्या. पाण्याकाठी दिवड जास्त, फणफण करते पण बिनविषारी. घोणस मात्र सुक्या गवतात पडून असते, पाय पडेपर्यंत हलत नाही. चावलाच तर आवळपट्टी नको, ब्लेड नको. पाय हलू न देता उचलून मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत न्या.

त्रिमूर्तीनगरवाला:
मोठंच काम झालं, आभार. नदीकाठचा बेत रद्द, उद्यानातच जातो. एक विचारायचं राहिलं: उद्यानापर्यंतच्या रस्त्यावर भटकी कुत्री फार आहेत. वडील काठी उगारतात.

बर्डीची ताई:
काठी उगारू नका म्हणा, खाली टेकवलेली ठेवा. कळप आला तर पळायचं नाही, डोळ्यांत न पाहता बाजूबाजूनं सरकायचं. कचऱ्याच्या ढिगाजवळ, मटणाच्या दुकानामागं ती जागा आपली समजतात, तिथं रस्त्याची दुसरी बाजू धरा. दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही नाही, आणि त्याच दिवशी रेबीजची लस. रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही मागून घ्या, नुसत्या लशीवर परत येऊ नका.